तीन दिवसांच्या संपाची पाच कारणं

त्यांना सगळे मुद्देमास्तर म्हणायचे, आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. बारा वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यावर त्यांनी खडू खाली ठेवला आणि गाईडं लिहायला घेतली, त्यालाही आता सोळा वर्षं होत आली होती. दहावीचं इतिहासाचं गाईड त्यांच्या हातचं, भाषेचंही त्यांच्याच हातचं. कारणे लिहा, परिणाम सांगा, टीप लिहा, कवीला काय म्हणायचे आहे ते तुमच्या शब्दांत मांडा. ते 'तुमचे शब्द'सुद्धा मास्तरच पुरवायचे. शहरातल्या निम्म्या पोरांचं दुष्काळ, क्रांती, छापखान्याचा शोध आणि विरहाच्या कविता यांबद्दल जे काही मत होतं ते मास्तरांचं होतं आणि बरोब्बर पाच मुद्द्यांचं होतं. प्रश्न पाच गुणांचा म्हणून मुद्दे पाच. एखाद्या क्रांतीला सहावं कारण असलंच, तर ते तिनं आपल्यापाशी ठेवावं.

घरातही तीच तऱ्हा. बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. तिला यायला उशीर झाला की मास्तर दारातच विचारत, "उशिराची कारणं?"

"एक, बस. दोन, बस," बायको चपला काढत म्हणे. "उरलेली तीन तूच लिही."

त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला. इतिहासात एक नवा धडा आला, कष्टकरी स्त्रिया आणि त्यांचे लढे. त्या धड्यात अकरा ओळी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बायकांच्या संपावर होत्या. मास्तरांनी त्या अकरा ओळी वाचल्या आणि त्यांची छाती फुगली. कारण ते एक्स्चेंज याच शहरातलं, स्टेशनामागच्या दगडी इमारतीतलं होतं आणि मास्तरांच्या आईनं तिथं चौतीस वर्षं नोकरी केली होती.

आई संपात होती ही घरातली जुनी आणि पक्की गोष्ट होती. ती पहिल्यांदा कुणी सांगितली हे कुणालाच आठवत नव्हतं. आईचा एक फोटो होता, कानाला यंत्र, गळ्यासमोर बोलायचा भोंगा आणि मागं शेकडो भोकांचा उभा बोर्ड. त्या फोटोकडं बघून बाकीचं सगळं आपोआप ठरलं होतं. मास्तरांची लेक तर गेल्या वर्षी 'माझी आजी, माझा इतिहास' या विषयावर भाषण ठोकून वक्तृत्वाचा कप घेऊन आली होती. आता तो कप फ्रिजवर होता आणि त्यात रबरबँड आणि संपलेली पेनं राहत होती.

तर एका दुपारी मास्तर जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. समोर आई मटारच्या शेंगा सोलत होती. मास्तरांना लिहिलेलं मोठ्यानं वाचायची सवय. वाक्य आपल्या जिभेवर अडखळलं तर ते पोराच्या डोक्यात आडवं पडणार, हे त्यांचं शास्त्र.

"टीप लिहा. टेलिफोन ऑपरेटर स्त्रियांचा संप. मुद्दा एक. कामाच्या ठिकाणी असलेल्या असुविधांमुळे—"

"स्टूल," आई म्हणाली.

"काय?"

"असुविधा म्हणजे स्टूल. पाठ नसलेलं. आठ तास त्यावर ताठ बसायचं. आणि बाथरूमला जायचं झालं तर हात वर करायचा, सुपरवायझर बाईचं लक्ष जाईपर्यंत तो वरच ठेवायचा. तिचं लक्ष बरेचदा जायचंच नाही."

मास्तर खूश. कंसात 'उदा. पाठ नसलेली स्टुले' असं लिहून घेतलं. असलं उदाहरण दुसऱ्या कुठल्या गाईडात मिळणार होतं? दुसरा, तिसरा, चौथा मुद्दा झटपट झाला. आईही मधूनमधून मान डोलवत होती.

"मुद्दा पाच. या संपातील एकजूट वाखाणण्याजोगी होती. तीन दिवस एकही स्त्री कामावर गेली नाही."

शेंगा फुटायचा आवाज थांबला.

"एक गेली होती," आई म्हणाली.

"पुस्तकात तर एकही नाही असं—"

"पुस्तकात काय असेल ते असेल. एक गेली होती."

"कोण?"

आईनं हातातले दाणे वाडग्यात टाकले, रिकामी साल बाजूला ठेवली.

"मी."

मास्तर हसले. आईला अधूनमधून गंमत करायची हुक्की यायची. पण आई हसली नाही. मग मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि विचारलं, "म्हणजे कशी काय?"

"चालत. मागच्या जिन्यानं."

मग तिनं सांगितलं. एक्स्चेंजच्या हॉलमध्ये चाळीस बोर्ड होते. तिथं नावं कुणाला नव्हतीच, ज्या बोर्डावर बसायचं तो नंबर म्हणजे ती बाई. आई तेरा नंबर. आणि तिची जिवाभावाची मैत्रीण सात नंबर. दोघींचा डबा एक, दोघींत मिळून छत्री एक. संपाची सगळी धडपड सात नंबरचीच. एका सोमवारी दुपारी विश्रांतीच्या खोलीत बैठक झाली, हात वर झाले, संप ठरला. त्या वेळी तेरा नंबर बोर्डावर बसून लोकांचे फोन जोडत होती. संध्याकाळी ड्यूटी संपवून ती जिना उतरली तेव्हा खाली सात नंबर उभी.

"मला म्हणाली, उद्यापासून संप. तू आहेसच." आईच्या आवाजाला इतक्या वर्षांनीही धार आली. "तू आहेसच! अरे, जगाला विचारलं. त्या एकोणचाळीस नंबरला विचारलं, जिला वायर कुठल्या भोकात खुपसायची हे धड कळत नव्हतं. आणि मला? मी आहेच!"

"मग तू गेलीस."

"दुसऱ्या दिवशी सकाळी, बरोबर वेळेवर."

मास्तरांचा हात सवयीनं कागदाकडं गेला. "कारणं? पगाराची निकड होती?"

"नव्हती."

"घरून दबाव?"

"उलट. तुझे वडील म्हणाले, चार दिवस घरी बस, डोक्याला शांतता."

"संपाला तात्त्विक विरोध?"

"तो कशाशी खातात?"

"मग?"

"राग आला होता."

"एवढंच?"

"एवढंच. आणि ते भरपूर होतं."

मास्तरांनी कागदाकडं पाहिलं. पाचांची जागा मोकळी आणि कारण मिळालं एक, तेही असं की कुठल्याही परीक्षकानं लाल शाईनं गोल करावं.

आई मात्र आता सुटली होती. चाळीस बोर्डांच्या हॉलमध्ये आपण एकट्याच कशा बसलो, सगळीकडं येणाऱ्या फोनचे दिवे कसे पेटत होते, सुरुवातीला बारावर हात टाकला, चौदावर टाकला, मग नाद सोडला आणि आपल्या तेरा नंबरवर येईल तेवढंच जोडत राहिलो. बाकीचे दिवे पेटून पेटून विझले. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर बाईनं स्वतःची खुर्ची ओढत आणली. पाठ असलेली, वर गादी असलेली.

"आणि तू बसलीस?"

"बसले. तिथंच चुकले," आई म्हणाली. "तोपर्यंत मी रागावलेली होते. त्या खुर्चीवर बसल्यावर मी त्यांची झाले."

तिसऱ्या दिवशी दुपारी वरिष्ठांनी मान तुकवली. सगळ्यांना पाठ असलेल्या खुर्च्या, आणि हात वर करणं बंद. बायका हसत, गलका करत हॉलमध्ये परत आल्या. तेरा नंबर आपल्या बोर्डावर मान खाली घालून बसली होती. कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सात नंबरनं नेहमीसारखा डबा उघडून मध्ये सरकवला.

"बोलल्या असत्या तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते," आई म्हणाली. "कुणी बोललंच नाही. आठवड्याभरात नव्या खुर्च्या आल्या. वर्षभर मी टेकले नाही बघ. टेकलं की पाठीला चटका बसल्यासारखं व्हायचं."

"म्हणजे तू संपात नव्हतीस?"

हा आवाज दारातून आला. लेक शाळेतून येऊन दप्तरासकट उभी होती, आणि कधीपासून उभी होती कोण जाणे.

"आजी, मी भाषणात सांगितलं की तू सगळ्यांच्या पुढं होतीस! मूठ वर करून दाखवली मी! परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या!"

"तू मला काय विचारलं होतंस?" आजी म्हणाली. "आजी, फोटो दे, म्हणालीस. मी फोटो दिला."

लेकीनं आत जाऊन दार आपटलं.

पुढचे दोन दिवस घरात एक वेगळाच संप चालला. लेक आजीशी बोलेना. आजी कुणाशीच बोलेना. बोलली ती एकदाच, मास्तरांशी. "ते पाचवं तसंच ठेव. मी काही म्हटलंच नाही असं समज. पन्नास वर्षं झाली, आता कोण विचारतंय?"

बायकोनं चष्मा कपाळावर चढवून निकाल दिला, "विचारतायत की. पाच गुणांना विचारतायत."

मास्तर मालकांकडं गेले. मालक म्हणजे गाईडांचे प्रकाशक. छापखान्याच्या मागच्या खोलीत शाईच्या वासात आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यांत ते असे बसलेले असत की माणूस कुठला आणि गठ्ठा कुठला हे आधी शोधावं लागे.

"मास्तर, पाठ्यपुस्तकात काय आहे?"

"एकही नाही."

"मग एकही नाही. विषय संपला."

"पण एक गेली होती. मला खात्रीलायक कळलंय. माझी आई—"

"आईसाहेब पेपर तपासणार आहेत का?"

"नाही."

"मग?"

"निदान 'जवळपास' लिहू. जवळपास कुणीही गेले नाही."

मालकांनी दोन्ही हात वर केले. "मास्तर, 'जवळपास' म्हणजे विष आहे विष! पोरगं 'जवळपास' वाचतं आणि विचार करायला लागतं. परीक्षेत तेवढा वेळ असतो का? शुक्रवारी पानं मशीनवर जातायत. तोवर काय ते आटपा."

बाहेर पडल्यावर मास्तरांना वाटलं, मालक म्हणतात ते काही अगदीच खोटं नाही. सोळा वर्षं आपणही हेच करत आलो. मग त्यांच्यातला जुना शिक्षक जागा झाला. एका साक्षीवर इतिहास लिहू नये, असं ते वर्गात कंठशोष करून सांगत. आईची साक्ष ही एकच साक्ष. दुसरी काढायला हवी.

सात नंबर अजून होत्या. भाच्याच्या घरी, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोल्यांत राहत होत्या. मास्तरांनी लहानपणी त्यांना पाहिलं होतं; पुढं दोघी निवृत्त झाल्या, आणि मग गाठीभेटी लांबत लांबत लग्नकार्यापुरत्या उरल्या, आणि कुणाची लग्नंही उरली नाहीत. आता त्या ऐंशीला टेकल्या होत्या. डावा कान कामातून गेला होता.

"उजवीकडं ये," त्या म्हणाल्या. "डावा चाळीस वर्षं लोकांनी खाल्ला. कोण तू? थांब, सांगू नकोस. तेराचा मुलगा! नाक उचलून ठेवलंयस तिचं."

"मावशी, संपाबद्दल विचारायचं होतं. तीन दिवसांत कुणी कामावर गेलं होतं का?"

"एकही नाही," मावशींनी ठणकावून सांगितलं.

"नक्की?"

मावशी उठल्या, भिंतीच्या कपाटातून एक शाळेची वही काढली. आत चाळीस नंबरांची यादी, पुढं तीन रकाने, तीन दिवसांच्या खुणा. मास्तरांचं बोट तेरावर गेलं. तिथं खुणा नव्हत्या. तिन्ही रकान्यांत एकेक शब्द होता: ताप. ताप. ताप.

"ती आजारी होती," मावशी म्हणाल्या. "अंथरुणाला खिळली होती बिचारी."

"मावशी, आई म्हणते ती कामावर गेली होती."

मावशींनी चांगला कान पुढं केला. मास्तरांना वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं.

"बोलली ती?" मावशी हळूच म्हणाल्या. "पन्नास वर्षं कळ काढली आणि आता बोलली? वेडी कुठली."

खालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. मावशींनी खिडकी लावून घेतली.

"बाकीच्या पेटल्या होत्या," मग त्या म्हणाल्या. "तिला वाळीत टाकू, तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असं चाललं होतं. मी म्हटलं, तिला ताप आहे. एकोणचाळीस म्हणाली, मी तिला मागच्या जिन्यात माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, अशीच बोलत राहिलीस तर तुलाही ताप येईल."

"पण तुम्ही असं का केलंत?"

"कारण ती बैठक मी मुद्दाम तिच्या ड्यूटीच्या वेळेत घेतली."

"मुद्दाम?" मास्तरांनी विचारलं.

"ती असती ना, तर शंभर प्रश्न काढले असते. आधी पत्र दिलं का? किती दिवस बसायचं? एखाद्याच्या घरात कुणी अत्यवस्थ असेल तर त्याचा फोन कोण जोडणार? आणि तिचे प्रश्न बरोबर असायचे, हाच तर त्रास. मला घाई होती. वाटलं, आधी ठरवून टाकू, मग काय, ती आहेच." मावशींनी वही मिटली. "तिला माहीत नाही हे. माझ्याही पोटात पन्नास वर्षं आहे. टॅक्सी बोलाव."

"आत्ता?"

"नाही, पुढच्या अभ्यासक्रमात! बोलाव म्हणते ना."

मास्तरांच्या घरचे तीन मजले चढताना मावशी प्रत्येक वळणावर थांबल्या आणि प्रत्येक वळणावर जिना बांधणाऱ्याचा उद्धार केला. दार आईनंच उघडलं. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मास्तरांना वाटलं आता गळाभेट होणार, डोळे पाणावणार. ते अदबीनं बाजूला झाले.

"तुला ताप होता," सात नंबर म्हणाल्या.

"मला ताप नव्हता," तेरा नंबर म्हणाली.

"वहीत आहे."

"वही कुणी लिहिली?"

"मी. सेक्रेटरी मी होते."

"मला विचारून लिहिलंस?"

"तुला विचारलं असतं तर तू लिहू दिलं असतंस?"

"नसतंच दिलं. मी धडधाकट होते. तीन दिवस आले होते. दुसऱ्या दिवशी त्या सुपरवायझरच्या खुर्चीवर बसले होते."

सात नंबर आत आल्या, सोफ्यावर टेकल्या, श्वास जागेवर आणला. मग विचारलं, "कशी होती गं?"

"काय?"

"ती खुर्ची."

आईनं जरा आठवून पाहिलं. "मऊ."

"वाटलंच मला," सात नंबर म्हणाल्या. "त्या बाईची पाठ कधी म्हणून दुखली नाही."

आधी कोण हसलं ते मास्तरांना पुढं नीट सांगता आलं नाही. पण आई हसली हे खरं, आणि हसता हसता तिला खुर्चीचा हात धरावा लागला. मग सात नंबर मावशींनी ते बैठकीचं सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, इकडंतिकडं न बघता. आईनं पुरतं ऐकून घेतलं.

"विचारायला हवं होतं मी तुला," मावशी म्हणाल्या.

"हवं होतं," आई म्हणाली. तिनं हे अजिबात सोडून दिलं नाही, आणि मावशींनीही ती सोडेल अशी अपेक्षा केली नाही. "मीही तुला येऊन विचारायला हवं होतं, मला का वगळलंस म्हणून. मी मागच्या जिन्यानं गेले."

"हो. तू मागच्या जिन्यानं गेलीस."

"चहा घेशील?"

"साखर दीड चमचा. मोजून."

एवढ्यात आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं. लेकीचा राग अजून होता, पण उत्सुकता त्याच्यापेक्षा उंच निघाली. ती येऊन वहीवर वाकली. चाळीस नंबर, तीन दिवस, फिकट शाई. बराच वेळ बघून झाल्यावर तिनं विचारलं, "मावशीआजी, ही एकोणचाळीस नंबर आता कुठं असते?"

"कोण जाणे. भेटली तर तिला सांग, तिचं बरोबर होतं."

रात्रीच्या जेवणाआधीच लेकीनं जाहीर केलं की उद्या ती इतिहासाच्या बाईंना आपलं भाषण चुकलं होतं असं सांगणार आहे. बायको म्हणाली, कप परत मागितला तर आतली पेनं आधी काढून घे. आईनं नातीच्या ताटात जास्तीचं वाढलं आणि नातीनं ते मुकाट्यानं खाल्लं. त्यावरून मास्तरांनी ओळखलं की घरातला संप मिटला.

राहता राहिलं गाईड. शुक्रवारी सकाळी मास्तर मालकांसमोर उभे राहिले.

"पाचवा मुद्दा मी काढलाय," ते म्हणाले. "जे खोटं आहे हे मला ठाऊक आहे, ते मी लिहिणार नाही. जे खरं आहे ते तुम्ही छापणार नाही. तेव्हा चारच."

"पाच गुणांना चार मुद्दे?" मालकांचा आवाज छापखान्यापर्यंत गेला. "मास्तर, लोक मला फाडून खातील!"

"पाचवा ज्याचा त्यानं शोधावा."

"शोधावा? गाईड घेतलेल्या पोरानं शोधावा? मग ते गाईड कशाला घेतील?"

यावर मास्तरांकडं मुद्दा नव्हता. पण ते जागचे हलले नाहीत, मशीनवाला दोनदा डोकावून गेला, आणि शेवटी मालकांनी कपाळावर हात मारून पान मशीनवर सोडलं. गाईड बाजारात आल्यावर फोन आलेच. एका वडिलांनी तर पान फाटलं आहे असं समजून पुस्तक बदलून मागितलं. मालकांनी पुढचं वर्षभर मास्तरांचा उल्लेख 'आमचे चार मुद्देवाले' असा केला.

इतिहासाच्या बाईंनी मात्र वेगळंच केलं. लेकीचं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, तुझ्या आजीला आणि त्यांच्या मैत्रिणीला वर्गात आणतेस का? नुसत्या बसू देत, पोरं विचारतील.

आई आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, सात येत असेल तर बघू. सात नंबर म्हणाल्या, तेरा येत असेल तर बघू. अशी दोन दिवस बघाबघ झाली आणि तिसऱ्या दिवशी दोघी, नीट विंचरलेल्या केसांनी, वर्गातल्या फळ्यासमोर खुर्च्यांवर बसल्या. मास्तर सर्वांत मागच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन. त्यांनी मनात पोरांचे प्रश्न मांडून ठेवले होते. संपाची पार्श्वभूमी काय? संपाचे दूरगामी परिणाम कोणते?

पहिला हात वर झाला. "आजी, तीन दिवस तुम्ही डबा कुणाबरोबर खाल्ला?"

"एकटीनं," आई म्हणाली. "पहिल्या दिवशी दोघींचा होईल एवढा आणला होता, सवयीनं. उरला."

हा प्रश्न मास्तरांच्या यादीत नव्हता.

"ज्यांचे फोन लागले ते कोण होते?"

"एक डॉक्टर होते. तेवढा एक फोन जोडल्याचं मला बरं वाटतं. बाकी व्यापारी. आणि एक मनुष्य रोज सकाळी एका मुलीला फोन लावायचा, आणि ती रोज घरी नाही असं सांगायची."

"ती खरंच घरी नसायची?"

"आवाज तिचाच असायचा."

वर्गात हशा पिकला, आणि मग हातच हात. त्या एकोणचाळीस नंबरला मावशींनी गप्प का बसवलं? संपात जायचं नसेल तर नाही म्हणायची सोय होती का? आधी सगळ्यांना विचारत बसलं तर संप होईल का? यावर दोघी आजींचीच जुंपली. सात म्हणाल्या, कधीच होणार नाही. तेरा म्हणाली, उशिरा होईल पण होईल. बाईंनी मधे पडायचा प्रयत्न केला आणि मग पडल्या नाहीत.

शेवटी खिडकीजवळच्या एका मुलीनं विचारलं, "तेरा नंबर आजी, मग तुम्ही नंतर कधी संपात गेलात का?"

"गेले ना. अकरा वर्षांनी, जेवणाच्या सुट्टीसाठी. सुट्टी वीस मिनिटांवर आणली होती त्यांनी."

"तेव्हा तुम्हाला विचारलं होतं?"

"विचारलं?" सात नंबर मधेच उसळल्या. "बैठकच हिच्या घरी घेतली. चार तास चालली! शंभर प्रश्न! आधी पत्र, मग आठवड्याची मुदत, मग आजाऱ्यांच्या फोनसाठी दोघीजणी पाळीपाळीनं बोर्डावर. सगळं हिच्या मनासारखं, शिस्तीत."

"मग?" सगळा वर्ग पुढं झुकला होता.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"हरलो," दोघी एकदम म्हणाल्या.

तास संपल्याची घंटा झाली. बाई म्हणाल्या, तो संप अभ्यासक्रमात नाही, चला, दुसऱ्या तासाची पुस्तकं काढा. पण कुणी पुस्तक काढलं नाही. खिडकीजवळची मुलगी उभीच होती, आणि तिच्या मागं आणखी सात-आठ हात वर होते.